बेघर निवाऱ्याचा पैसा: खाटेपासून मंत्रालयापर्यंत माग कसा काढायचा

शहरातल्या बेघर निवाऱ्याबद्दल तक्रार करायची झाली की बहुतेक जण थेट मंत्रालयाला पत्र लिहितात. पत्राची पोच मिळते. मग ते नगरविकास विभागातून संचालनालयाकडे, तिथून महापालिकेकडे असं फिरत राहतं आणि शेवटी ज्याच्याबद्दल तक्रार होती त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर ‘उचित कार्यवाहीस्तव’ येऊन पडतं. या लेखात उलटी वाट सांगितली आहे. निवाऱ्यातल्या खाटेपासून सुरुवात करायची आणि एकेक कागद धरत वर जायचं. स्थानिक पत्रकार, छोट्या संस्थेतले कार्यकर्ते किंवा आपल्या भागातल्या फुटपाथवरची माणसं पाहून ज्याला अस्वस्थ वाटतं असा कुठलाही नागरिक हे करू शकतो. महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पैसा कोणाचा, हे आधी पक्कं करा

आज राज्यातल्या शहरांत जी निवारा केंद्रं दिसतात, त्यांतली बरीचशी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या ‘शहरी बेघरांना निवारा’ या घटकातून उभी राहिली. अभियान २०१३ मध्ये सुरू झालं आणि पुढे त्याला दीनदयाळ अंत्योदय योजनेचं नाव जोडलं गेलं. सुरुवातीला केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के होता. २०१५-१६ पासून तो ६० आणि ४० असा झाला. राज्याकडून हा पैसा नागरी स्थानिक संस्थेकडे, म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषदेकडे येत असे. ती संस्था इमारत बांधते किंवा जुनी इमारत दुरुस्त करते आणि केंद्र चालवायला बहुतेक वेळा एखाद्या स्वयंसेवी संस्थेची नेमणूक करते.

या साखळीत निदान चार जण आहेत: केंद्र सरकार, राज्य, महापालिका आणि चालवणारी संस्था. निवाऱ्यात पाणी नाही म्हणून विचारायला जा, संस्था म्हणेल महापालिकेने देयक अडवलं, महापालिका म्हणेल राज्याचा हप्ता आला नाही, राज्य म्हणेल आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा कसा खर्च झाला याचा दाखला) मिळालं नाही. कधी कधी हे चौघंही खरं बोलत असतात. म्हणूनच सरसकट ‘भ्रष्टाचार’ म्हणून मोकळं होऊ नका. पैसा नेमका कोणत्या टेबलावर किती दिवस थांबला, एवढंच शोधायचं आहे.

एक तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हे अभियान ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपलं. त्यानंतर केंद्राने काही निवडक शहरांत नव्या योजनेचा पथदर्शी टप्पा सुरू केला. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला विचारलं की, नवं शहरी दारिद्र्य निर्मूलन अभियान लागू व्हायला किती वेळ लागेल आणि तोपर्यंत जुनं चालू राहील का. त्यात चालवण्याच्या खर्चाला केंद्राची मदत मुळातच पाच वर्षांपुरती होती. त्यामुळे तुमच्या शहरातल्या प्रत्येक केंद्राबाबत पहिला प्रश्न हाच: १ ऑक्टोबर २०२४ पासून या केंद्राचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून) आणि कोणाच्या मंजुरीने भागतो? याचं लेखी उत्तर नसेल, तर ते केंद्र कधीही बंद पडू शकतं असं धरून चाला.

शहरात किती निवारे हवेत, याचा हिशेब

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात मोठ्या शहरांना आदेश दिले की, दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो चोवीस तास, वर्षभर उघडा हवा. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनीही तेच प्रमाण धरलं: दर लाखामागे किमान १०० जणांची कायमस्वरूपी सोय, एका केंद्रात ५० ते १०० माणसं, दर माणशी किमान ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. म्हणजे शंभर क्षमतेची ३१ केंद्रं. मुंबईची १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४. तुमच्या शहराचा आकडा असाच काढा आणि प्रत्यक्षात चालू असलेल्या केंद्रांच्या संख्येशेजारी लिहा.

दुसरा आकडा बेघरांचा. त्याच जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं बेघर नोंदली गेली. त्यांतली २ लाख १० हजारांहून जास्त महाराष्ट्रात आणि ५७ हजारांहून जास्त एकट्या मुंबईत होती. एका रात्रीत केलेल्या मोजणीत पुलाखाली, जिन्याखाली, बंद दुकानांच्या फळीवर झोपलेली कितीतरी माणसं निसटतात. तेव्हा हा आकडा किमान म्हणून वापरा. महापालिकेने स्वतः बेघरांचं सर्वेक्षण केलं असेल तर त्याची तारीख आणि पद्धत मागा. थंडीतल्या एका रात्री फक्त स्टेशनाबाहेर मोजलं असेल, तर तसं स्पष्ट म्हणा.

रात्री जा

दिवसा निवारा पाहून काही कळत नाही. तिथली माणसं कामावर गेलेली असतात, चादरी घडी घातलेल्या असतात, व्यवस्थापक मोकळा असतो. रात्री दहानंतर जा, शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा. आधी परवानगीचं पत्र द्या, पण नेमकी तारीख देऊ नका.

जाण्याआधी आसपासच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये चक्कर मारा. फुटपाथवर माणसं झोपलेली असतील आणि निवाऱ्यात जागा रिकामी असेल, तर त्या माणसांना विचारा की आत का जात नाहीत. उत्तरं बहुतेक वेळा अगदी व्यवहाराची असतात. हातगाडी ठेवायला जागा नाही. नवरा-बायकोला वेगळं राहावं लागतं. सामान चोरीला जातं. पहाटे चारला मार्केटला जायचं तर दार उघडत नाही. आधार कार्ड मागतात. यातलं प्रत्येक उत्तर मार्गदर्शक सूचनांतल्या एखाद्या तरतुदीला जाऊन भिडतं. सामानासाठी स्वतंत्र कप्पे द्यायचे आहेत, कुटुंबांसाठी वेगळी केंद्रं उभारायची आहेत, केंद्र स्टेशन, बस आगार, मंडई अशा कामाच्या ठिकाणांजवळ असायला हवं. आणि ओळखपत्र, रेशनकार्ड, निवृत्तिवेतन मिळवून देणं हे निवाऱ्याचंच काम आहे. कागद नाही म्हणून माणसाला दारातून परत पाठवणं हा त्या कामाचा उलटा अर्थ झाला.

आत गेल्यावर नोंदवही मागा. वही दोन मिनिटं शांतपणे पाहिली तरी पुष्कळ कळतं. महिनाभर रोज बरोबर ५० माणसं असतील, दिवाळीतही ५० आणि मुसळधार पावसातही ५०, तर ती वही रोज लिहिली गेलेली नाही. खऱ्या वहीत आकडा हलतो. कोणी गावी जातं, कोणी दवाखान्यात भरती होतं. अंगठे आणि सह्या मिसळलेल्या असतात, खाडाखोड असते, शाई बदलते. आलेल्याची वेळ लिहिलेली असते. त्या रात्री वहीत किती आणि खोलीत किती, हे दोन आकडे तारीख-वेळेसह टिपा. पुढचा सगळा माग या जोडीवर उभा आहे.

मग पाणी, शौचालयं, बाथरूम, पंखे, आग विझवण्याचं साधन, प्रथमोपचार पेटी, स्वयंपाकाची जागा आणि गॅस पाहा. चादरी शेवटच्या कधी धुतल्या, ते राहणाऱ्यांनाच विचारा. काळजीवाहक आठ-आठ तासांच्या पाळीने किमान तीन हवेत. तिन्ही पाळ्या एकच माणूस करत असेल तर त्याला दोष देऊ नका. त्याचा पगार कधीपासून थकला आहे ते विचारा.

राहणाऱ्यांचे चेहरे टिपणारे फोटो काढू नका. कोणी घरच्या मारहाणीतून पळून आलेलं असतं, कोणाच्या गावी तो बेघर आहे हे ठाऊक नसतं. एकटं मूल दिसलं तर मात्र थांबू नका, १०९८ वर फोन करा.

तेहेतीस रुपयांचा हिशेब

पन्नास माणसांच्या केंद्राला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये, असं अभियानाचं खर्चाचं प्रमाण होतं. म्हणजे माणशी वर्षाला १२ हजार, महिन्याला एक हजार, दिवसाला साधारण ३३ रुपये. आता आतून बघा. महिन्याचे ५० हजार आले. तीन काळजीवाहकांना प्रत्येकी १२ हजार दिले तरी ३६ हजार गेले. उरलेल्या १४ हजारांत पन्नास माणसांची वीज, पाणी, साफसफाई, कपडे धुणं, कीटकनाशक फवारणी, औषधं आणि किरकोळ दुरुस्ती. माणशी महिन्याला २८० रुपये.

हा हिशेब दोन कामांसाठी हाताशी ठेवा. एक, संस्थेने तेवढ्या पैशांत फार मोठ्या सोयी दिल्याचा अहवाल लिहिला असेल तर तो तपासावा लागतो, किंवा बाकीचा पैसा कुठून आणला हे विचारावं लागतं. दोन, केंद्र वाईट चाललं असेल तर खापर केवळ संस्थेवर फोडता येत नाही. इतक्या पैशांत नीट निवारा चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्य आणि महापालिका यांनी स्वतःची भर घातली तरच तो चालतो. ती भर किती, हे विचारल्याशिवाय राहू नका. राहणाऱ्यांकडून त्यांच्या उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शापर्यंत शुल्क घेण्याची मुभा मार्गदर्शक सूचनांत आहे. ते घेतलं जात असेल तर त्याची पावती मिळते का आणि ती रक्कम जमेत दिसते का, तेही पाहा.

माहितीचा अर्ज

आता कागद. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यामुळे लांबलचक प्रस्तावना टाळा. जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात अर्ज लिहा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा. मजकूर असा ठेवता येईल:

“विषय: बेघर निवारा केंद्रांवरील खर्च व वापर. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. (१) हद्दीतील प्रत्येक केंद्राचा पत्ता, प्रकार, मंजूर क्षमता आणि चालवणाऱ्या संस्थेबरोबरच्या करारनाम्याची प्रत. (२) प्रत्येक केंद्रातील रात्रनिहाय उपस्थितीची संख्या, व्यक्तींची नावे वगळून. (३) संस्थांच्या प्रत्येक देयकाची रक्कम, देयक सादर झाल्याची तारीख आणि रक्कम अदा झाल्याची तारीख. (४) केंद्र व राज्य शासनाकडून प्राप्त निधी, प्राप्तीच्या तारखा आणि सादर केलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती. (५) तपासणी अहवाल आणि निवारा व्यवस्थापन समितीच्या बैठकांची इतिवृत्ते.”

तिसऱ्या मुद्द्यातल्या दोन तारखा सगळ्यांत मोलाच्या. देयक एप्रिलमध्ये दिलं आणि पैसे डिसेंबरमध्ये मिळाले, तर मधले आठ महिने त्या संस्थेने पगार कुठून दिले असतील? मोठी संस्था कशीबशी तग धरते, छोटी संस्था काळजीवाहक कमी करते, मग चादरी धुणं थांबतं, मग दार रात्री लवकर बंद होतं. निवाऱ्याची अवकळा पुष्कळदा इथून सुरू होते, आणि ती पकडण्यासाठी फक्त दोन तारखांमधलं अंतर मोजावं लागतं.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तेही फसलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. राज्यात प्रत्येक अपिलाला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. प्रतींचा खर्च जास्त सांगितला तर नस्तीचं अवलोकन, म्हणजे फाइल प्रत्यक्ष पाहायला मागा. राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जिल्हा आणि महापालिका पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असं ठरवून दिलं आहे. सोबत एक जण आणि कोरी वही घेऊन जा. नस्तीतल्या टिपण्या वाचायला मिळतात, आणि पैसा कुठल्या शेऱ्यापाशी अडला ते त्यांतच लिहिलेलं असतं.

उपयोगिता प्रमाणपत्र कसं वाचायचं

या एका पानावर पुढचा हप्ता अवलंबून असतो, म्हणून ते लिहिताना घाई आणि हातचलाखी दोन्हींना वाव असतो. साधारण त्यात आधीची शिल्लक, वर्षात आलेली रक्कम, खर्च आणि उरलेली शिल्लक असते. तीन गोष्टी पडताळा. मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक आणि या वर्षाची सुरुवातीची शिल्लक जुळते का. व्याज दाखवलं आहे का. आणि ‘खर्च’ म्हणजे नेमकं काय धरलं आहे. राज्याने महापालिकेला पैसे वर्ग केले की राज्याच्या कागदावर तो खर्च दिसू शकतो. महापालिकेने बांधकाम विभागाला अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम दिली की तिच्या कागदावर. माणूस त्या खाटेवर झोपण्याच्या कितीतरी आधी पैसा ‘खर्च’ झालेला असतो. तुम्ही रात्री टिपलेला आकडा इथे कामाला येतो. प्रमाणपत्रात दाखवलेल्या चालू केंद्रांची संख्या आणि क्षमता तुमच्या यादीशी ताडून पाहा.

राज्याच्या बाजूने पाहायचं तर अर्थसंकल्पात नगरविकास विभागाच्या मागण्या ‘एफ’ अक्षराने सुरू होतात आणि नागरी विकासाचा महसुली खर्च २२१७ या प्रधान शीर्षाखाली असतो. तिथे अभियानाची ओळ शोधा. मार्चमधला अर्थसंकल्पीय अंदाज, नंतरचा सुधारित अंदाज आणि दोन वर्षांनी छापून येणारा प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी ठेवा. भाषणात सांगितला जातो तो पहिला, माणसांपर्यंत पोचतो तो तिसरा. निधी वितरणाचे शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर मराठीतच मिळतात. ‘बेघर’ आणि ‘निवारा’ हे शब्द टाकून शोधा आणि निर्णयाची तारीख लिहून घ्या. निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुटला असेल, तर त्या वर्षीचा हिवाळा त्याविनाच गेला.

देखरेख कोणाची, आणि कोणाला लिहायचं

सर्वांत जवळची देखरेख निवारा व्यवस्थापन समितीची. तिच्यात राहणाऱ्यांचे प्रतिनिधी आहेत का, बैठका खरंच होतात का, हे इतिवृत्तावरून कळेल. त्यावर महापालिकेचा अभियान कक्ष आणि त्याचे समुदाय संघटक. राज्य पातळीवर नगरपरिषद प्रशासन संचालनालय आणि नगरविकास विभाग.

याखेरीज एक महत्त्वाची वाट सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली. ई. आर. कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निवारे खरोखर आहेत का, सूचनांप्रमाणे चालतात का, निधी का खर्च झाला नाही किंवा दुसरीकडे वळवला का, हे तपासण्याचं काम तिच्याकडे होतं. तिच्या अहवालानंतर मार्च २०१८ मध्ये प्रत्येक राज्यात निवारा संनियंत्रण समिती नेमण्याचा आदेश झाला, आणि त्यात नागरी समाजाच्या प्रतिनिधीलाही जागा ठेवली. महाराष्ट्रातही अशी समिती स्थापन झाली. तुमची नोंद नगरविकास विभागामार्फत तिच्या अध्यक्षांच्या नावे पाठवा, आणि सोबत समितीच्या अलीकडच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. समितीची मुदत संपली असेल किंवा बैठक झालेली नसेल, तर ती माहितीही बातमी आहे.

हिशेबाच्या तपासणीसाठी महापालिकेचे मुख्य लेखापरीक्षक, नगरपरिषदांसाठी स्थानिक निधी लेखापरीक्षा आणि त्यावर महालेखापाल. लेखापरीक्षकांना भावनिक पत्राचा उपयोग नसतो. ‘अमुक केंद्र, अमुक रात्र, वहीत ५०, प्रत्यक्ष २१, त्या महिन्याचं देयक ५० जणांच्या दराने मंजूर’ अशी एक ओळ त्यांना पुरते. आमदारांकडे तीच ओळ दिली की विधिमंडळात विचारायचा तारांकित प्रश्न तयार होतो. नगरसेवकांनाही आठवणीने द्या. २०२२ नंतर बराच काळ मुंबई-पुण्यासह बहुतेक महापालिकांचा कारभार प्रशासकांकडे होता आणि त्या काळात निवाऱ्यांबद्दल सभागृहात विचारणारं कोणी नव्हतं.

केंद्र बंद करून माणसांना रस्त्यावर काढलं जात असेल तर एवढा वेळ नसतो. तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याच दिवशी जा. माहितीच्या अर्जातही जीविताचा प्रश्न असल्याचं नमूद करा, मग ४८ तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे. कडाक्याच्या थंडीत किंवा अतिवृष्टीत हे कलम योग्यच आहे, एरवी ते वापरू नका.

पुढच्या मोजणीआधी

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. मागच्या वेळी बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. या मोजणीतला आकडा पुढची कित्येक वर्षं निधीची मागणी करताना वापरला जाईल, म्हणून तुमच्या प्रभागातल्या झोपण्याच्या जागांची यादी आत्ताच करायला घ्या. ठिकाणाची खूण, रात्री किती वाजता माणसं येतात, अंदाजे किती, त्यांत बायका-मुलं किती, एवढंच लिहा, नावं नकोत. मंडईच्या मागची बोळ, रुग्णालयाबाहेर नातेवाइकांसाठी थांबलेली माणसं, उड्डाणपुलाखालचे खांब, देवळाचा ओटा, बांधकामाच्या पत्र्यामागची कुटुंबं. ही यादी जानेवारी २०२७ पर्यंत प्रभाग कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या, आणि मोजणीच्या रात्री प्रगणकाबरोबर वाट दाखवायला कोण जाणार ते आधी ठरवून ठेवा.